मारव्यात पंचम: खारकर आळीतल्या पेटीवाल्या काकांबद्दल

ठाण्यात पेटी, म्हणजे हार्मोनियम, दुरुस्तीला कुठं टाकावी, असं गेल्या सहा महिन्यांत मला चौघांनी विचारलं. प्रत्येकाला फोनवर तेच तेच सांगून कंटाळले, म्हणून एकदाच सगळं लिहून काढते. पाचपैकी चार तारे. एक तारा का कापला तेही सांगेन, पण आधी मी तिथं पोचले कशी ते ऐका. त्याशिवाय काका काय चीज आहेत ते कळायचं नाही.

मी दिवसा बँकेत असते आणि संध्याकाळी पेटी वाजवते. साथसंगत करते, घरी सात-आठ मुलांना शिकवते. माझी पेटी वडिलांची, १९८६ सालची. साडेतीन सप्तकी, डबल रीड, म्हणजे प्रत्येक पट्टीला दोन सूर, खालच्या सप्तकातला खर्ज आणि वरचा नर. आतले सूर, म्हणजे वाजणाऱ्या पितळी जिभा, गुजरातेतल्या पालिताण्याच्या. मागच्या वर्षी एप्रिलमध्ये मुंबईतल्या एका नावाजलेल्या दुकानात ती सर्व्हिसिंगला दिली होती. दुकानाचं नाव लिहीत नाही, भांडण उकरायचं नाहीये. परत आली तेव्हा पट्ट्या लोण्यासारख्या हलक्या झाल्या होत्या. मी खूश. बोट ठेवलं की सूर. त्या खुशीतच पुढचा घोटाळा होता, हे तेव्हा कळलं नाही.

जुलैमध्ये घंटाळीजवळच्या एका छोट्या सभागृहात गुरुपौर्णिमेचा कार्यक्रम होता. संध्याकाळी साडेसहाची वेळ, बाहेर धो धो पाऊस, आत शंभरेक माणसं आणि तितक्याच ओल्या छत्र्या. गाणाऱ्या ताईंचा षड्ज काळी चार, म्हणजे त्यांचा सा पेटीच्या चौथ्या काळ्या पट्टीवर. मारवा राग सुरू केला. तानपुरे निषादात लावलेले, विलंबित एकताल, सगळं कसं जमून आलं होतं. मारव्यात पंचम, म्हणजे प, नसतो, हे पेटीवाल्याला कुणी सांगावं लागत नाही. त्या पट्टीकडे बोट फिरकतसुद्धा नाही.

आणि पंचम वाजायला लागला.

मी हात लावला नव्हता. काळी दोन आपोआप, एकसुरी, लग्नातल्या सनईच्या सुरासारखी वाजत राहिली. ताई कोमल रिषभावर थांबल्या होत्या आणि त्यांच्या त्या रिषभाखाली माझा पंचम. मारवा म्हणजे अधांतरी लोंबकळणारा राग, त्याला खालून कुणी स्टूल सरकवलं तर कसं होईल, तसं झालं.

मी काय केलं ते लिहायला लाज वाटते, पण लिहिते. आधी ती पट्टी दाबली. मग जोरात दाबली. मग शेजारच्या दोन दाबून पाहिल्या, त्यामुळे पंचमाला सोबतही मिळाली. घाबरून भाता सोडला, तर आतल्या भात्यात हवा असतेच. ती संपेपर्यंत पंचम चार-पाच सेकंद रडत राहिला आणि उतरत उतरत बेसूर होऊन मेला. त्यावर मी "सॉरी सॉरी" म्हणाले, ते पेटीच्या माईकमधून शेवटच्या रांगेपर्यंत गेलं. पुन्हा भाता मारला. पुन्हा पंचम. शेवटी पेटी बंद केली आणि राहिलेली चाळीस मिनिटं हात मांडीवर ठेवून बसले. स्टेजवर चाळीस मिनिटं रिकाम्या हातांनी बसून बघा एकदा. नाकाला खाज सुटते.

तबल्यावरच्या दादांचा ठेका त्या सगळ्या गोंधळात एका मात्रेनंही हलला नाही. ताईंनी माझ्याकडे एकदाच पाहिलं, डोळ्यांनीच "राहू दे" म्हटलं आणि तानपुऱ्यावर गायल्या. छान गायल्या. कार्यक्रम संपल्यावर पहिल्या रांगेतल्या एक आजी जवळ येऊन अगदी मायेनं म्हणाल्या, "आज पेटीला विश्रांती होती का गं?" त्या रात्री मी जेवले नाही.

दादांनीच घरी सोडताना खारकर आळीचा पत्ता दिला. जांभळी नाक्याच्या बाजूनं आत शिरायचं आणि कुणालाही "पेटीवाले काका" विचारायचं. दुकानाला पाटी नाही, कारण काका म्हणतात पाटी लावली की लोक गिटार घेऊन येतात. गाडी नेऊ नका, त्या गल्लीत स्कूटर वळवायलासुद्धा देवाचं नाव घ्यावं लागतं. मी पाचपाखाडीहून रिक्षानं गेले, पेटी मांडीवर घेऊन. रिक्षावाल्यानं विचारलं, "मॅडम, शिलाई मशीन का?"

दुकान म्हणजे एक खोली, दहा बाय बारा असेल. भिंतीला टेकून पेट्या, पेट्यांवर पेट्या, मधे काकांची बैठक. एका कोपऱ्यात साठ वॅटचा पिवळा बल्ब आणि त्याखाली उघडी पडलेली एखादी पेटी, पोट फाडल्यासारखी. भिंतीवर पेटीवादक तुळशीदास बोरकरांचा कात्रणातला फोटो, त्याला सुतळीचा हार. काका मूळचे मिरजेचे. मिरज म्हटलं की सगळे तानपुरा-सतारीबद्दल बोलायला लागतात, २०२४ मध्ये तिथल्या सतारीला आणि तानपुऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळालं. काकांना त्याचं काही नाही. "आमच्या गल्लीत समदे भोपळ्यावाले. मी एकटाच फळ्यांचा."

काकांनी पेटी हातात घेतली आणि आधी तिचा वास घेतला. खरंच. वरची फळी उचलून नाक आत घातलं, डोळे मिटले. "ओल हाय. आणि कसरबी लागलीया." मग कुठं विचारलं, काय झालं म्हणून.

मी रामायण सांगितलं. मारवा, पंचम, हात लावला नव्हता, शपथेवर. काकांनी विचारलं, "षड्ज कुठला?" काळी चार. "मग तीव्र मध्यम कुठं आला?" पांढरी दोन. काका हसले आणि मला आत बघायला बोलावलं.

हा भाग मला आयुष्यभर पुरेल, म्हणून नीट सांगते. पेटीची वरची फळी काढली की बाहेर दिसणाऱ्या पट्ट्यांची मागची लांब शेपटं दिसतात, एकमेकांना खेटून, लोकलमधल्या चौथ्या सीटसारखी. तिथं काळी-पांढरी असा भेद नाही, सगळ्या लाकडाच्याच. प्रत्येकीच्या मागच्या टोकाखाली एक भोक आणि त्यावर चामड्याची गादी. पुढून पट्टी दाबली की मागचं टोक उचलतं, भोक उघडतं, हवा सुरातून जाते. बोट काढलं की पट्टीवर बसलेली तारेची स्प्रिंग ते टोक परत खाली दाबते. बस, एवढंच यंत्र. आता पावसाळ्यात लाकूड फुगतं. आपल्या ठाण्याला एका बाजूला खाडी, दुसऱ्या बाजूला येऊरचा डोंगर, जुलैत हवेतून पाणी पिळून काढावं अशी स्थिती. फुगलेली पट्टी शेजारणीला घासते. स्प्रिंग कडक असेल तर शेजारीण जागची हलत नाही. पण माझ्या स्प्रिंगा एप्रिलमध्ये बदललेल्या, बारीक तारेच्या. म्हणूनच पट्ट्या लोण्यासारख्या! मी तीव्र मध्यम वाजवला, पांढरी दोननं जाताना काळी दोनलाही ओढत नेलं, स्वतः परत आली आणि शेजारणीला तिथंच टाकून आली. काळी दोनच्या स्प्रिंगेत तिला परत आणायचं बळ नव्हतं.

"तुमी पंचमाला हात लावला न्हाई, खरं हाय," काका म्हणाले. "पर तुमच्या मध्यमानं लावला की."

शब्दशः गार पडले. तीन दिवस मी ते भुताटकीसारखं मनात घोळवत होते, आणि ते जरासं फुगलेलं लाकूड निघालं.

आता कामाबद्दल, कारण हे शेवटी दुकानाबद्दल आहे. सगळ्या स्प्रिंगा बदलल्या. घासणाऱ्या पट्ट्या बाजूनं पॉलिश पेपरनं अगदी हलक्या हातानं उतरवल्या. कसर लागलेलं फेल्ट काढून नवं. भात्याच्या एका घडीला सुईच्या टोकाएवढं भोक होतं, ते आतून पातळ चामडं लावून बुजवलं. मग सूर लावून घेतले. तेही मी बसून पाहिलं. पितळी जिभेचं टोक किंचित खरवडलं की सूर चढतो, बुडाशी खरवडलं की उतरतो. जिभेखाली काका पतंगाच्या कागदाची पट्टी सरकवतात, म्हणजे खरवडताना जीभ खाली दबत नाही. एक खरवडणं, एक भाता, कान लावणं, पुन्हा एक खरवडणं. एका सुराला कधी एक मिनिट, कधी दहा. घाई अजिबात नाही. ग्राहकाला घाई असली तर त्याची त्यानं करावी.

एकूण बिल ४,२०० रुपये, त्यात हजार आगाऊ. कच्ची पावतीसुद्धा मिळत नाही, वहीत लिहून ठेवतात. ऑनलाइन पैसे पुतण्याच्या फोनवर, पुतण्या जागेवर असला तर. सांगितले आठ दिवस, लागले सतरा. मधल्या काळात त्यांच्याकडची जुनी पेटी वापरायला दिली, तिचे पैसे घेतले नाहीत, पण ती इतकी जड होती की दोन जिने चढताना मला वाटलं पैसे घेतले असते तर बरं. घरी येत नाहीत, फोन उचलत नाहीत. पुतण्या उचलतो आणि "काका जेवतायत" म्हणतो, मग सकाळचे अकरा वाजलेले असोत की संध्याकाळचे सहा. हा कापलेला तारा. सतरा दिवसांचा आणि त्या जेवणांचा.

पण अठराव्या दिवशी जे झालं त्यासाठी मी खरं तर हे लिहायला बसले.

पेटी घ्यायला गेले. काकांनी समोर ठेवली आणि म्हणाले, "वाजवा." मी षड्ज लावला, भाता मारला, आणि एकदम तीन सूर किंचाळले. मी दचकून हात काढला. काका शांत. त्यांनी मुद्दाम बिघाड करून ठेवला होता. एक स्प्रिंग जागेवरून काढलेली, दोन पट्ट्यांच्या फटीत काडी अडकवलेली, आणि नराच्या एका सुरात कापसाचा धागा, त्यामुळे तो सूर गायबच.

"शोधा."

मी म्हटलं, काका, मला यातलं काय कळतंय. ते म्हणाले, "ताई, तुमी पंचवीस वर्सं ह्या खोक्यावर पोट भरताय," (पोट मी बँकेवर भरते, पण ते असो) "आणि एकदाबी आत बघितलं न्हाई?"

मग शिकवणी झाली. पहिलं काम: नॉब, म्हणजे पेटीच्या समोरच्या ओढायच्या खुंट्या, आत ढकलायचे. सगळे. हवा सुरांपर्यंत जायची थांबते, त्याच क्षणी पेटी गप्प. भाता सोडून हवा संपायची वाट बघत बसायचं नाही, पट्टी तर मुळीच दाबायची नाही. इतकं साधं! नॉब माझ्या नाकासमोर होते त्या दिवशी, मारव्यात. दुसरं काम: फळी उचला आणि कुठलं शेपूट वर राहिलंय ते डोळ्यांनी बघा, कानांनी शोधत बसू नका. तिसरं: स्प्रिंग निसटली असेल तर बसवा, फटीत काही असेल तर व्हिजिटिंग कार्ड सरकवून काढा. सूर मुका झाला असेल तर कार्यक्रमात त्याच्या वाटेला जाऊ नका, खर्जातला त्याचा भाऊ वाजतोच आहे.

पहिल्यांदा स्प्रिंग बसवायला मला चार मिनिटं लागली. बोटं थरथरत होती, स्प्रिंग दोनदा उडून काकांच्या चहात पडली. सातव्या-आठव्या वेळी वीस सेकंद. चिमटा हाताशी नव्हता म्हणून मी अंबाड्यातला आकडा काढला, आणि तो चिमट्यापेक्षा बरा निघाला. त्याच्या दोन पायांमध्ये तार अचूक बसते. काकांना ते इतकं आवडलं की त्यांनी माझ्याकडून एक आकडा मागून ठेवून घेतला.

जाताना काड्यापेटी दिली. आत दोन स्प्रिंगा, कार्डाची पट्टी, थोडा दोरा. मला एकदम जाणवलं, तबलेवाले दोन तबले घेऊन येतात, खिशात हातोडी. सतारवाल्याच्या केसमध्ये तारांची पुडकी असतात, बाजाची तार तुटली तर तो बोलत बोलत बदलतो आणि लोक टाळ्यासुद्धा वाजवतात. एकटे आम्ही पेटीवाले एक खोकं उचलून येतो आणि ते बिघडणारच नाही असं धरून चालतो.

मी विचारलं, काका, आणि काहीच जमलं नाही तर? त्यावर त्यांनी जे सांगितलं ते मी मुलांनाही सांगते. "१९४० साली रेडिओवाल्यांनी पेटी बंद केली. १९७१ पर्यंत बंद होती. एकतीस वर्सं. गाणं थांबलं व्हय?" मग नॉबवर बोट आपटून, "झाकायची आणि बसायचं. मान हलवायची. चांगलं गायलं तर वा म्हणायचं. स्टेजवरला सगळ्यात चांगला श्रोता व्हायचं."

चाळीस मिनिटं रिकाम्या हातांनी बसताना मला वा म्हणायचंही सुचलं नव्हतं.

ऑक्टोबरात कोजागिरीला वाशीत एका सोसायटीच्या गच्चीवर गाण्याची साथ होती. ट्रान्सहार्बर लोकलच्या गर्दीत पेटी कोण नेणार, म्हणून आयोजकांनी तिथलीच एक आणून ठेवली होती. मी गेल्या गेल्या फळी उचलून बघितली. सवय झालीय आता, वासही घेतला. ठीक वाटली. गायक काळी एकचे, बागेश्री. दूध उकळतंय, वर चंद्र, दव इतकं की सतरंजी ओली लागत होती. मध्य लयीची बंदिश रंगात आली आणि मध्यमाची पट्टी, काळी तीन, खाली गेली ती वर आलीच नाही.

मध्यम. बागेश्रीचा वादी, म्हणजे मुख्य सूर. म्हटलं, आज देव आपल्या बाजूनं आहे. तुटलेला पंचम नाही, चुकीचा गंधार नाही, ज्या सुरावर हा राग येऊन विसावतो तोच सूर अडकलाय. मी नॉबकडे गेलेला हात मागे घेतला. भाता हलका केला, दाब कमी ठेवला आणि मध्यम वाजू दिला, तानपुऱ्यासारखा, मागे मागे. बाकीचे सूर त्याच्यावरून जपून वाजवले. गायकांनी एकदा तिरकं पाहिलं आणि त्याच मध्यमावर येऊन लांब थांबले. त्यांना काही कळलं की नाही, तेव्हा समजलं नाही.

एक आवर्तन संपलं, ते पाण्याचा घोट घ्यायला वळले, तबल्यानं लग्गी धरली. नॉब आत. फळी वर. चंद्राच्या उजेडात दिसेना, तर पुढच्या रांगेतल्या एका मुलानं न सांगता मोबाईलचा टॉर्च पाडला, देव त्याचं भलं करो. स्प्रिंग खाचेतून सुटून शेजारच्या पट्टीवर आडवी पडली होती. अंबाड्यातला आकडा काढला, तारेची टांग उचलली, खाचेत सोडली. पट्टी टक करून वर आली. फळी खाली, नॉब बाहेर, भाता. समेवर मी होते. अंबाडा मात्र एका बाजूनं सुटून खांद्यावर, व्हिडिओत तसाच आलाय.

कार्यक्रम संपल्यावर गायक दुधाचा पेला हातात घेऊन म्हणाले, "मध्यम काय धरून ठेवला होतात! तिथून मला ती जागा सुचली." मी काही बोलले नाही. दूध प्यायले. दोन पेले.

त्या आठवड्यात खारकर आळीत गेले, काकांना सगळं रंगवून सांगायला. मध्यम, चंद्र, आकडा, टॉर्च, गायकांचं ते वाक्य. काका एका उघड्या पेटीत वाकून ऐकत होते, हात थांबले नव्हते. माझं संपल्यावर त्यांनी मान वर केली.

"स्प्रिंग पितळी होती का लोखंडी?"

मी म्हटलं, काका, अंधार होता हो, बघितलं नाही.

"बघायचं असतं," ते म्हणाले, आणि पुतण्याला चहा सांगितला.